अकरा तासांची कळी

कुठलं शहर किती लांब आहे हे मावशीला विचारायचं असेल, तर नकाशा काढून काही उपयोग नसे. नकाशातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या हातात गुलाबाची कळी द्यायची.

दोन तासांच्या विमानाचं शहर असेल, तर कळीच्या बाहेरच्या दोन पाकळ्या सैल झालेल्या चालत. पाच तासांचं असेल, तर नुसतं टोक सुटलेलं हवं. आणि अकरा तासांचं असेल, म्हणजे साडेआठ हजार किलोमीटरवरचं ते थंड शहर, तर कळी घट्ट मिटलेली लागे. पण घट्ट म्हणजे किती घट्ट? खालची हिरवी पानं देठाकडे वळलेली हवीत, आणि चिमटीत धरली तर कळी मधोमध किंचित दबायला हवी. दबलीच नाही, तर ती कच्ची. कच्ची कळी उमलत नाही. पाण्यात ठेवली की दोन दिवसांत मान टाकते आणि तशीच सुकून जाते. जितकं लांब, तितकी घट्ट, पण कच्ची नाही. सगळी अक्कल त्या ‘पण’मध्ये होती, आणि ती यायला मावशीची अर्धी हयात गेली होती.

विमानतळाच्या रस्त्याला लागून प्लास्टिकच्या छपरांची गुलाबाची शेतं होती, आणि त्यांच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड. तिथे फुलं निवडायची, जुड्या बांधायच्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायची आणि कोल्ड रूममध्ये ढकलायची. आत बारा महिने थंडी. बाया स्वेटरवर अॅप्रन चढवून उभ्या असत. सगळ्यांना जाड हातमोजे मिळत, पण मावशीने आपल्या उजव्या हातमोज्याचा अंगठा आणि पहिलं बोट कापून टाकलं होतं. सुपरवायझर पहिल्या वर्षी ओरडला, काटे लागतील म्हणाला. मावशी म्हणाली, “लागू देत. डोळ्यांनी कळी निवडायची तर मग तुम्हीच निवडा, तुम्हाला चष्मा आहे.” त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही. मावशीच्या त्या दोन बोटांची कातडी मात्र कायमची खरखरीत झाली.

शेडमध्ये सगळे तिला मावशीच म्हणत. सुपरवायझरही म्हणे. समोरच्या बाजूला उभी राहणारी तिची जोडीदारीण तिच्याच वयाची होती, तीसुद्धा म्हणे. या जोडीदारणीला सगळे रेडिओ म्हणत, कारण सकाळी पाळी सुरू झाली की तिचं तोंड सुरू होई ते पाळी संपल्यावरच बंद. खोकी विमानतळावर नेणाऱ्या ट्रकवाल्याचं नाव पायलट. त्याने जन्मात विमानात पाऊल ठेवलं नव्हतं, पण विमान कधी सुटतं, कधी पोचतं, कुठे उशीर आहे, हे तो अशा थाटात सांगे की जणू त्याच्याशिवाय ते उडायचंच नाही.

जगात एकच मुलगी अशी होती की जिची ती खरोखरची मावशी होती. ती अकरा तासांवर राहत होती.

आता एक गोष्ट ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण खरी आहे. इतकी वर्षं गुलाबांत हात घालून मावशीने आपलं एकही फूल पुरतं उमललेलं पाहिलं नव्हतं. तिच्या हातून जायच्या त्या कळ्या. टेबलावर एखादी चुकून उमलू लागली, तर ती खालच्या टोपलीत जाई, आणि टोपली संध्याकाळी खताच्या खड्ड्यात. उमललेलं फूल म्हणजे वाया गेलेला माल, हे डोक्यात इतकं भिनलं होतं की टोपलीतलं एखादं घरी न्यावं, ग्लासात ठेवावं, असं तिला कधी सुचलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिची फुलं कशी उमलतात ते तिला सांगायची तिची धाकटी बहीण.

दोघीच बहिणी. बाप लवकर गेला. धाकटी शिकली, हुशार निघाली, लग्न होऊन त्या लांबच्या शहरात गेली आणि तिथल्या एका शाळेत मास्तरीण झाली. मागे राहिली थोरली आणि अंथरूण धरलेली आई. थोरलीचं लग्न ठरता ठरता राहिलं, मग ठरवणारंच कुणी राहिलं नाही. ती सकाळी आईचं सगळं करून शेडवर जाई, दुपारी शेजारीण डोकावे, संध्याकाळी पुन्हा हिची पाळी. धाकटी फोनवर विचारी, “आईला ते औषध का देत नाहीस? तिला उन्हात का बसवत नाहीस?” उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं. थोरली “हो, देते” म्हणे आणि फोन ठेवल्यावर भांडी जरा जास्तच आपटे.

आईचं शेवटचं आलं तेव्हा थोरलीने फोन केला. धाकटी मिळेल त्या विमानाने निघाली. पोरगी लहान, नवरा नुकताच वारलेला, पोरीला शेजाऱ्यांकडे टाकून निघाली. आई डोळे मिटूनच विचारायची, “आली का?” थोरली म्हणायची, “निघालीय, येतेच आहे.” विमान वाटेत होतं आणि आई गेली. विमानात बसलेल्या माणसाला कुणी काय कळवणार. धाकटी बॅग ओढत जिन्यावरून धावत आली ती हसऱ्या तोंडाने, कारण तिला वाटत होतं की आपण पोचलो.

थोरली दारात उभी होती. ती म्हणाली, “अकरा तासांचाच तर रस्ता आहे. माझी फुलं रोज वेळेवर पोचतात.”

बस, एवढंच. ओरडून नाही, रडून नाही, हवा-पाण्याचं बोलावं तशी.  धाकटीने बॅग भिंतीला टेकवली, हात धुतले आणि आईला न्हाऊ घालायला मदत केली. चार दिवसांनी ती परत गेली. सुटलेला शब्द काही परत घेता येत नाही. तो चुकला हे थोरलीला जिभेवरून उतरल्याबरोबर कळलं होतं, पण माघार घ्यायची तिच्यात धमक नव्हती. राग खराच होता ना. एकटीने काढलेल्या इतक्या वर्षांचा होता. फक्त तो काढायला तिने नको ती वेळ गाठली.

वर्षभर बोलणं नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी फोन वाजला, आणि ख्यालीखुशालीची काही विचारपूस न करता धाकटी म्हणाली, “ताई, इथल्या दुकानात तुमच्या शेडचा शिक्का असलेली फुलं मिळाली. आणून चार दिवस झाले. आज बाहेरच्या पाकळ्या सुटल्या.”

 थोरलीने विचारलं, “रंग कसा आहे?”

“लाल. पण पाकळीच्या मुळाशी पिवळट आहे.”

“पिवळट? काहीतरीच. आमचा लाल म्हणजे लाल असतो.”

“तू कधी उमललेलं बघितलंयस का?”

नव्हतं बघितलं. तेव्हापासून दर सुट्टीला फोन. आज अर्धं उमललं, आज पुरतं उमललं, आज पहिली पाकळी गळली. आईचा विषय दोघींनी कधी काढला नाही. त्या दाराचा तर नाहीच. फुलांवर बोलत बोलत त्या पुन्हा बहिणी झाल्या, पण मधे ते एक वाक्य कुठेतरी पडून राहिलं, आणि दोघी त्याला वळसा घालून जात राहिल्या. धाकटी म्हणे, “ताई, एकदा ये की. अकरा तास ते काय.” थोरली म्हणे, “येते, येते. विमान रोजच जातंय.” धाकटीने हट्टाने तिला पासपोर्ट काढायला लावला, तो कपाटात चादरींखाली पडला होता. विमान रोजच जात होतं आणि रोज फुलं जात होती. मावशी जात नव्हती.

मग धाकटीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, केस परत आले, आणि त्यांच्या मागून गाठही परत आली.

भाची आता मोठी झाली होती, नोकरीला लागली होती. तिने मावशीला तिकडे यायच्या परवानगीची कागदपत्रं तिथून करून पाठवली आणि फोनवर सरळ सांगितलं, “मावशी, डॉक्टर म्हणाले आता घरी न्या. आम्ही तिला घरी आणलंय. तू ये. मी तिकीट काढते, फक्त दिवस सांग.” पोरगी रडत नव्हती. म्हणूनच मावशीला कळलं की आता थोडेच दिवस उरलेत.

तेवढ्यात धाकटीने फोन मागून घेतला. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तेच.

“ताई, तुझा गर्दीचा आठवडा आलाय ना?”

“तो काय, दरवर्षीच येतो.”

“मग तो उरकूनच ये. मी कुठे पळून जातेय. तोवर फुलं पाठव. दुकानातली नकोत, तुझ्या हातची पाठव.”

“कळ्या पाठवते,” मावशी म्हणाली. “त्या उमलायच्या आत मी येते. दोघी मिळून बघू.”

“म्हणजे उमलेपर्यंत मला थांबायला लागेल म्हण की.”

“थांब मग. मोठ्या बहिणीचं कधी ऐकलं नाहीस, आता तरी ऐक.”

धाकटी हसली, आणि हसताना तिला खोकला आला, आणि भाचीने फोन काढून घेतला.

गर्दीचा आठवडा ही खरं तर सबब होती. त्या आठवड्यात लांबच्या शहरांतून एवढी मागणी येई की शेडमधल्या सगळ्यांच्या नाकी नऊ येत, हे खरं. पण मावशीवाचून शेडचं फार तर थोडं अडलं असतं, शेड बंद पडली नसती. मावशीला भीती वाटत होती. विमानाची नव्हे. तिला धाकटीच्या दारात उभं राहायची भीती वाटत होती. एकदा ती स्वतः दारात उभी होती आणि धाकटी बॅग घेऊन बाहेर होती. आता उलटं व्हायचं होतं. बहिणीला मरताना बघायची हिंमत गोळा करायला तिला आठवडाभर हवा होता, आणि तो तिला कळ्यांकडून मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः कात्री घेऊन प्लास्टिकच्या छपराखाली गेली. एरवी तोडणीचं काम तिचं नव्हे. ओळीओळीने फिरली. हिशोब तिच्या डोक्यात पक्का होता. अकरा तासांची कळी पोचल्यावर चार दिवसांत उमलते. तिला चार दिवस पुरणार नव्हते. जरा आणखी घट्ट घेतली तर सहा दिवस. आणखी घट्ट घेतली तर आठवडा. आणि जितक्या उशिरा त्या उमलतील, तितकी धाकटी थांबेल. हे शेवटचं तिने स्वतःशीसुद्धा उघड म्हटलं नाही, पण हात त्याच हिशोबाने चालत होता. ती कळी चिमटीत धरी. बोटं सांगत, दबत नाही, कच्ची आहे, सोड. ती सोडत नव्हती, कापत होती. ज्या बोटांवर शेडचा धंदा चालत होता, त्यांचं तिने त्या सकाळी ऐकलं नाही.

तिने टेबलावर जुडी बांधायला घेतली तेव्हा समोरून रेडिओने हात लांब करून एक कळी दाबून बघितली. “मावशी, कच्च्या आहेत गं.”

“माझ्या आहेत,” मावशी म्हणाली.

“नव्या पोरींनी अशी एक जरी भरली तरी तू त्यांची सालं काढतेस.”

“म्हटलं ना, माझ्या आहेत.”

रेडिओ त्या दिवशी दुपारपर्यंत बंद होता. मावशीने खोकं स्वतः बांधलं आणि पायलटच्या हातात दिलं. नीट ने, म्हणून दोनदा बजावलं. धाकटी नेहमी ज्या दुकानातून फुलं घेई, तिथल्या मालाबरोबर ते जायचं होतं. भाची तिथून उचलणार होती. पायलटने मान डोलावली आणि खोकं मागे न टाकता आपल्या शेजारच्या सीटवर ठेवलं.

खोकं पोचलं. भाचीने फोन करून सांगितलं, छान आलीयत, आईच्या उशाशी ठेवलीयत. मावशीचा जीव भांड्यात पडला. पुढचे दिवस शेडमध्ये कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जुड्यांवर जुड्या, खोक्यांवर खोकी. मावशी उभ्या उभ्या डबा खाई आणि मनात म्हणे, अजून मिटलेल्या असतील, अजून वेळ आहे.

तिसऱ्या दिवशी कामाच्या ऐन गर्दीत तिचा फोन वाजला. भाची होती.

“मावशी, फुलं खाली झुकलीयत. मी पाणी बदललं, देठही थोडे कापले. काय करू?”

मावशीच्या हातातली जुडी टेबलावर राहिली. “एक तरी पाकळी सुटली का?”

“नाही. तशीच आहेत. मानेतून वाकलीयत. आई सारखी त्यांच्याकडे बघत असते.”

तिला पुढचं कुणी सांगायला नको होतं. वाकलेल्या मानेची कळी म्हणजे काय, हे तिनेच इतक्या पोरींना शिकवलं होतं. त्या उमलणार नव्हत्या. आठवड्याने नाही, महिन्याने नाही. तिने धाकटीला वेळ दिला नव्हता. तिने स्वतःसाठी वेळ काढून घेतला होता, आणि तो संपला होता.

“ऐक,” ती म्हणाली. “देठ पाण्यात बुडवून तिरके काप. सगळी फुलं कागदात घट्ट गुंडाळ, मान सरळ राहील अशी. आणि कोमट पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत उभी कर. मग माझं तिकीट काढ.”

“कधीचं?”

“आजचं.”

तिने अॅप्रनची गाठ सोडली. सुपरवायझर धावत आला. “मावशी, आज? अहो, आज कसं काय...”

“आज,” मावशी म्हणाली. समोरून रेडिओने तिची अर्धी राहिलेली जुडी आपल्याकडे ओढून घेतली आणि म्हणाली, “जा तू. टेबल काही पळून जात नाही.”

घरी जाऊन तिने पासपोर्ट आणि दोन कपडे पिशवीत टाकले आणि पुन्हा शेडवर आली, कारण विमानतळावर जाणारं तिच्या ओळखीचं एकच वाहन होतं. त्या दिवशीचा लांबच्या शहराचा माल ट्रकमध्ये भरून तयार होता. पायलटने शेजारची सीट पुसून दिली.  ती उतरताना तो म्हणाला, “विमान वेळेवर आहे, मावशी. मी विचारून घेतलंय.”

ती ज्या विमानात बसली त्याच्याच पोटात खाली तिच्या शेडची खोकी होती. हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचा थोडा आधारही वाटला. पुढच्या सीटच्या पाठीवर एक पडदा होता. त्यावर जगाचा नकाशा, नकाशावर एक इवलंसं विमान, आणि खाली आकडे, किती किलोमीटर झाले आणि किती राहिले. शेजारच्या माणसाने तिला ते लावून दिलं आणि तो झोपून गेला. मावशी बघत बसली. विमान हलतच नव्हतं. डोळे मिटून उघडावेत तर ते होतं तिथेच. ती पाणी प्यायली, कुणीतरी आणून दिलेलं जेवण तिने चिवडलं, पुन्हा बघितलं, तर एक बोटभर सरकलेलं.

अकरा तास म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ते अंतर तिच्या चिमटीत मावत होतं. कळी दाबली की झालं. त्या अंतराच्या आत बसून राहणं म्हणजे काय असतं, हे खोक्यात भरणाऱ्याला कुठून कळणार. इथे माणूस काही करू शकत नाही. उठून पळता येत नाही, कुणाला हाक मारता येत नाही, विमानाला मागून ढकलता येत नाही. आणि मग तिच्या डोळ्यांपुढे धाकटी आली. मागे घरी लहान पोर, पुढे मरायला टेकलेली आई, आणि मधे ही अशीच खुर्ची, असाच पडदा, न हलणारं विमान. अकरा तास ती अशी बसली होती. आणि दारात आपण काय बोललो.

मावशी रडली. शेजारचा माणूस जागा झाला, त्याने खिशातला रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. तिने डोळे पुसले आणि ठरवलं, गेल्या गेल्या पहिल्यांदा ते बोलायचं. बाकी फुलं-बिलं नंतर. धाकटे, तेव्हा मी बोलले ते चुकलं माझं, असं सरळ म्हणायचं. तिने ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. कधी मोठं करून, कधी एवढुसं करून. पडद्यावरचं विमान सरकत होतं.

बाहेर पडायच्या दारापाशी भाची उभी होती. फोटोंत पाहिली होती तशीच, फक्त धाकटीपेक्षा उंच. तिने हात वर केला नाही. मावशी जवळ येईपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, “मावशी.”

शेडमध्ये दिवसातून शंभरदा कानावर पडणारा तो शब्द. पण त्या एका हाकेतच मावशीला सगळं कळलं. पिशवी तिच्या हातून खाली गेली.

“केव्हा?”

“तू वर होतीस तेव्हा.”

कदाचित ती जेवण चिवडत होती तेव्हा. कदाचित ती ते वाक्य जुळवत होती, नेमकं तेव्हाच. भाचीने खाली वाकून पिशवी उचलली आणि मावशीच्या दंडाला धरलं. ती एवढंच म्हणाली, “चल, गाडी बाहेर आहे. थंडी आहे, स्वेटर घाल.” मावशी वाट बघत होती की पोरगी काहीतरी म्हणेल. अकरा तासांचाच तर रस्ता आहे, असं काहीतरी. पोरीला ते वाक्य ठाऊकच नव्हतं. तिने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, कुणीतरी म्हणायला हवं होतं.

घर लहान, नीटनेटकं. धाकटीची खोली खिडकीपाशी. पलंगावरची चादर बदललेली होती आणि उशी काढून ठेवली होती. कोपऱ्यात बादली, बादलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलं, अगदी सांगितली होती तशी.

भाची चहा करायला वळली आणि दारातच थांबली. “खोकं उघडलं ना मी, तेव्हा आई हसली होती. मला म्हणाली, बघ, ताईची फुलं वेळेवर पोचतात. ताई आली की तिला हे सांग म्हणाली. दोन-तीनदा म्हणाली. म्हणून सांगितलं.”

मावशी पलंगाच्या कडेवर बसली. धाकटीने ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि शेवटी हसत हसत परत पाठवलं होतं. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे मावशीने पुष्कळ शोधलं. दोन्ही असणार. बहिणीच त्या. पण ती हसली होती, एवढं पोरीने डोळ्यांनी पाहिलं होतं. फुलं वेळेवर पोचली होती. मावशी पोचली नव्हती.

“आणि उमलली नाहीत म्हणून काही म्हणाली?” तिने विचारलं.

“नाही. म्हणाली, टाकून देऊ नकोस, ताईला करू दे काय करायचं ते.”

मावशीने कागद सोडला. माना सरळ झाल्या होत्या. कोमट पाण्याने तेवढं काम केलं होतं. पण पाकळी एकीचीही सुटली नव्हती, आणि सुटणारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका साध्या हॉलमध्ये धाकटीला शेवटच्या दर्शनासाठी ठेवलं होतं. शाळेतले मास्तर आले, तिच्या हाताखाली शिकून मोठी झालेली माणसं आली, शेजारी आले. जो तो फुलं घेऊन आला होता, आणि त्या नेहमीच्या दुकानवाल्याने तर भांडं भरून लाल गुलाब पाठवले होते, पुरते उमललेले. भांड्याभोवती गुंडाळलेल्या कागदावर शेडचा शिक्का होता. मावशी त्या भांड्यापाशी गेली आणि एका फुलाच्या पाकळ्या बोटाने हळूच बाजूला केल्या. मुळाशी पिवळट होतं. धाकटी खरंच सांगत होती.

मग तिने आपल्याबरोबर आणलेला कागद उघडला. आतल्या कळ्या एकेक करून चिमटीत धरल्या, टेबलावर धरायची तशा. बोटं जे सांगत होती ते या वेळी नीट ऐकलं. सगळ्यांत घट्ट, दाबली तरी न दबणारी अशी एक कळी तिने निवडली आणि तिचे काटे नखांनी काढून टाकले.

भाची जवळ आली. “मावशी, ती कशाला? तिथे एवढी उमललेली आहेत ना. ही तर उमलणार पण नाही म्हणालीस.”

“ती उमललेली इथल्या इथे बघायची,” मावशी म्हणाली. “हिला लांब जायचंय. लांब जायचं असलं की घट्टच लागते.”

तिने कळी धाकटीच्या हातात ठेवली आणि तिची गार बोटं त्यावर एकेक करून मिटवली. “धाकटे,” ती म्हणाली, “तेव्हा मी बोलले ते चुकलं माझं.” मावशी हे मोठ्याने म्हणाली. जवळच्या दोघातिघांनी ऐकलं आणि त्यांना त्यातलं काही कळलं नाही. मग ती बाजूला झाली, कारण मागे माणसं थांबली होती.